वाटेवरचे गाव

मुंबई-पुण्याच्या प्रवासात लोणावळा पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा. गाडी थांबते, चिक्कीची पाकिटे खिडकीशी येतात, डोंगरावरून धुके उतरताना दिसते आणि गाडी सुटते. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही हे गाव बहुतेक असेच, उतरून पुन्हा निघण्यापुरते येते: मधुचंद्राचे जोडपे, पावसाळी सहल, कोणा धनिकाचा बंद बंगला आणि त्याचा माळी. तेथे कोणी राहते, तेथे शाळा भरते, कोणाच्या घरी बारसे होते, कोणी मरते, याची दखल साहित्याने फारशी घेतलेली नाही. आमचे बालपण या गावात गेले. पुढे गाव सुटले, त्याच्यावरचा जीव मात्र सुटला नाही. आणि आयुष्यभर बाळगलेल्या प्रेमाची एक खोड अशी की, त्याला आपण कधी हिशेब विचारीत नाही. तो विचारण्याचा प्रसंग आमच्यावर बराच उशिरा आला. त्याविषयीचे हे टिपण.

येथे ‘आम्ही’ म्हटले आहे ते संपादकी थाटाने म्हटलेले नाही. या आठवणी आम्हां चौघा भावंडांच्या आहेत आणि त्यांतली कोणती कोणाची, हे आता सांगता येत नाही. थोरलीने पाहिलेले धाकट्याला आठवते. जो प्रसंग घडला तेव्हा जन्मलाही नव्हता तो त्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन करतो. आमच्यातला एक मराठीचा शिक्षक झाला आणि लेखणी त्याच्या हाती आहे, एवढेच.

वडील घाटातल्या बँकर इंजिनांवर होते. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून रेटा देण्यासाठी जी जादा इंजिने लावतात त्यांना रेल्वेत बँकर म्हणतात. गाडी वर आणून सोडायची आणि रिकाम्या इंजिनाने पुन्हा घाट उतरायचा, हा त्यांचा दिनक्रम. “तुमचा सारा जन्म दुसऱ्यांना वर आणून सोडण्यात गेला,” असे आई त्यांना म्हणे, आणि ते हसत. पावसाळ्यात घरात कपडे वाळत नसत. शेगडीवर बांबूची मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट, गणवेश, वडिलांचे मोजे सारे एकत्र शेकवले जाई. त्यामुळे जून ते सप्टेंबर आमच्या शाळेच्या गणवेशाला कोळशाच्या धुराचा वास येई. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे आम्ही पुढे पुस्तकात वाचले. तेव्हा ठाऊक होते ते इतकेच की, भिंतीला हात लावला तर तो ओला होतो आणि वह्यांची पाने एकमेकांना चिकटतात.

गावाच्या नावाविषयी सांगतात की, ‘लेणी’ आणि ‘आवली’ मिळून ते झाले; लेण्यांच्या रांगेजवळचे गाव. व्युत्पत्ती सुबक आहे. सुबक व्युत्पत्तीचा आम्हांला नेहमीच संशय येतो. पण गावाची ओळख शेजारच्या दुसऱ्या कशावरून तरी व्हावी, हे या गावाच्या स्वभावाला शोभते खरे. जो तो येथून कोठेतरी जात असतो. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज घेऊन याच भागातून कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. पुढे पुण्यावर चालून निघालेली इंग्रजांची फौज घाट चढून आली. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्यापाशी तिचा कॅप्टन स्ट्युअर्ट पडला आणि पुढे वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. या स्ट्युअर्टला मावळातल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ करून टाकले आणि वडगावात त्याची समाधी झाली. शत्रूच्या शौर्याला असे घरचे नाव देणारे लोक आम्हांला आमचे वाटतात. पण तोही वाटेवरचाच माणूस.

रेल्वेची गोष्ट आमच्या घरची, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला, तेव्हा घाट अजून बांधायचाच होता. मुंबईकडून गाडी खोपोलीपर्यंत येई. मधला डोंगर प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा पायी चढत आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी धरीत. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले होते. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात १८३१ फूट उंची गाठायची, पंचवीस बोगदे खोदायचे, दऱ्यांवर पूल उभारायचे. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने दोन अभियंत्यांच्या मदतीने ते कंत्राट पुरे केले. मुख्य अभियंता बर्कली हाही घाट सुरू झालेला पाहण्यापूर्वीच १८६२ मध्ये मरण पावला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले.

ही सारी नावे आम्हांला लहानपणापासून पाठ होती, कारण वडील ती देवाच्या नावासारखी सांगत. ॲलिस ट्रेडवेलची कथा तर अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार येते, आणि यावी. मात्र १८६१ च्या सुमारास या घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये त्यांनी दंगा केला होता. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून पडून त्यांतली हजारो मेली. त्यांतल्या एकाचेही नाव वडिलांना ठाऊक नव्हते, आणि तसे कोणी विचारीलसे त्यांना वाटतही नव्हते. गूळ-शेंगदाण्याची चिक्की मूळ या मजुरांसाठी केलेल्या गुडदाणीतून आली, असे गावात सांगतात. ते खरे असेल तर त्या हजारोंची एवढीच खूण आपण मागे ठेवली, आणि तीही विकायला.

खंडाळ्याखाली पूर्वी गाडी एका ठिकाणी थांबे, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. ही ‘रिव्हर्सिंग’ची भानगड १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर संपली. तिथला जुना दगडी पूल मात्र उभा राहिला. त्याच्यावरच्या वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून सारे त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. द्रुतगती महामार्गावरच्या वाहनांना त्याचे खांब अडथळा करीत, म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, तो सुरुंगांनी पाडला. आम्ही चौघांनी चार गावांतून त्याची चित्रफीत पाहिली आणि एकमेकांना दूरध्वनी केले. वडील नव्हते, हे एका परीने बरेच झाले.

आमच्या आठवणीतल्या लोणावळ्याचा दुसरा अर्धा भाग पाण्याचा आहे. रविवारी आम्हांला वळवणच्या धरणाकडे नेत. भिंतीखालच्या बागेत आई दशम्या सोडी आणि वडील पाण्याकडे बोट दाखवून सांगत की, हे पाणी नळांतून खाली खोपोलीला पडते आणि त्याची वीज होते. ते खरेच होते. टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला फेब्रुवारी १९११ मध्ये येथे बसली. वळवण, शिरवता आणि लोणावळा अशी तीन तळी झाली, आणि १९१५ पासून त्यांच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. इंद्रायणी पूर्वेला आळंदीकडे, देशावर जाणारी नदी. तिच्या उगमाकडचे पाणी अडवून पश्चिमेला कोकणात सोडले. कल्पनेची ही झेप मोठी होती, हे कोणीही मान्य करील. ज्या खोपोलीला हे पाणी पडत होते तेथेच र. वा. दिघे पावसाच्या आणि शेतकऱ्यांच्या कादंबऱ्या लिहीत होते, हा योगायोग आमच्या नजरेस फार पुढे आला. तेव्हा मात्र तळे म्हणजे तळे. ते तेथे पहिल्यापासूनच असणार, जसा डोंगर पहिल्यापासून असतो, अशी आमची समजूत.

कार्ल्याला आम्ही चैत्रात जात असू. एकवीरेच्या जत्रेला मुंबईकडचे कोळी पालख्या घेऊन येत. त्या गर्दीत आम्ही देवीचे दर्शन घाईने उरकीत असू, कारण थोरलीला चैत्यगृहात शिरायचे असे. आत शिरताच बाहेरचा गलका एकदम विझे. १२४ फूट लांबीचा तो दगडी अंधार आणि वर कमानीला अजून टिकलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. खांबांवर काही कोरले आहे हे दिसे; त्याचा अर्थ लागण्यास पुढची वीस वर्षे जावी लागली.

तो अर्थ असा की, ते खांब म्हणजे वर्गणीची यादी आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने हे लेणे जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. शेठजींनी विनयाचे सोंग आणलेले नाही. गंधिक सिंहदत्त, वढकी सामी, असे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी आणि सुतार आहेत. कितीतरी यवन आहेत. आणि दात्यांमागून दाते आपले गाव एकच सांगतात: धेनुकाकट. नावाआधी गाव. दूरच्या डोंगरात दान देताना आपण कोठले, हे या माणसांना पहिल्यांदा सांगावेसे वाटले. गंमत अशी की, हे धेनुकाकट कोठे होते याचा निर्णय अजून झालेला नाही. कोणी ते आंध्रात धरणीकोटाशी नेले. दा. ध. कोसंबी यांनी ते कार्ल्याच्या जवळपास, मावळातच शोधले. कोसंबी पुण्याहून मुंबईला संशोधनसंस्थेत जायला रोज डेक्कन क्वीनने प्रवास करीत आणि सुट्टीच्या दिवशी या डोंगरांतून पायी हिंडत. धनगरांच्या वाटा, शेंदूर फासलेल्या देवी आणि लेणी यांचा संबंध त्यांनी पावलांनी मोजून काढला. संध्याकाळी घाट चढताना त्यांच्या गाडीला वडिलांचे इंजिन मागून रेटा देत असण्याचा पुष्कळ संभव आहे. घाटातून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी हा एक माणूस खिडकीबाहेर पाहताना खरोखर काही पाहत होता.

एका माणसाच्या मनात जन्मभर राहिलेले गाव नकाशावरून पुसले जाते आणि केवळ त्याच्या सहीत उरते, हे धेनुकाकटाचे उदाहरण आम्ही वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. त्याच लेण्यात दुसराही एक लेख आहे आणि त्याच्याविषयी आम्ही बोलत नसू. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिले. पुढे सातवाहनांनी मामालच्या अमात्याला आज्ञा देऊन तेच दान नव्याने दिले. मामाल म्हणजे आपले मावळ. हे नाव असे दोन हजार वर्षे टिकले आहे. दात्याचे नाव दगडात आहे, राजाचे आहे, अमात्याला दिलेली आज्ञा आहे. करजिकात भात लावणारा एकही माणूस त्यात नाही. त्याचे धान्य लेण्याला जाणार, एवढाच त्याचा उल्लेख. आम्ही तो लेख वाचला होता आणि त्यात काही खटकावे असे आम्हांला वाटले नव्हते.

आता पवन मावळाकडे वळतो. मावळचे आम्ही तीन भाग धरतो: आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. पवन मावळ लोणावळ्याच्या दक्षिणेला, लोहगड-विसापूरच्या पलीकडे. तेथून पवना वाहत येते आणि खाली दापोडीपाशी मुळेला मिळते. आमच्या लहानपणी त्या बाजूच्या एक आजी दही घेऊन दारी येत. काठाकाठाने चालत यायचे, लोहगडाजवळच्या गायमुख खिंडीने मळवलीला उतरायचे आणि तेथून शटल धरून लोणावळ्याला. परतीचा प्रवासही तसाच. डोक्यावर मडके, त्यावर पळसाची पाने, पावसात वर इरले. उन्हाळ्यात मडक्याबरोबर करवंदे असत. आई त्यांना चहा देई आणि त्या ओसरीवर बसून आपल्या गावच्या वाघेश्वराच्या देवळाच्या, खाचरांतल्या आंबेमोहराच्या वासाच्या गोष्टी सांगत. त्यांच्या गावी रॉकेलच्या चिमण्या होत्या. आमच्या गावातल्या पाण्याची वीज होते, ही गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, पण खरी मानली नाही.

एक दिवस त्या आईला म्हणाल्या, “वैनी, आमचं समदं पान्यात जायाचं हाय. मोजनीवालं येऊन ग्येलं.” आई म्हणाली, “असं कसं जाईल आजी? सरकार काहीतरी करीलच.” त्यानंतर त्या दोन-तीन वर्षे येत राहिल्या, मग येईनाशा झाल्या. दुसऱ्या कोणाचे तरी दही सुरू झाले. आमच्या घरात त्यांच्याविषयी पुन्हा बोलणे झाल्याचे चौघांपैकी कोणालाही आठवत नाही. पवना धरण १९७२ मध्ये पुरे झाले. आम्ही ते पाहायला सहलीने गेलो. डबे बरोबर नेले होते. त्या दिवसाचे छायाचित्र आहे. मागे पाणी आहे, तुंगाचा सुळका आहे, आणि आम्ही सारे हसतो आहोत.

१९९० नंतरच्या काही वर्षांत, पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयात शिकवीत असताना, गो. नी. दांडेकरांची ‘पवनाकाठचा धोंडी’ वर्गात घेण्याचा प्रसंग आला. गोनीदा तळेगाव दाभाड्याला राहत. मावळ त्यांनी पायाखाली घातलेला होता. तुंग किल्ल्याच्या हवालदारकीचा वारसा सांभाळणारा धोंडी आणि राजमाचीवर एकटा झाडा-पाखरांत जगणारा बुधा, ही त्यांची दोन माणसे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. आम्ही ही कादंबरी शिकवीत असू ती रीतीप्रमाणे: प्रादेशिक कादंबरी, पेंडसे आणि दिघे यांच्या पंगतीतली, बोलीचा उपयोग, निसर्गाचे पात्र होणे, घराण्याचा मान आणि माणसाचे मन यांतला झगडा. परीक्षेत प्रश्नही याच अंगाने येत.

तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे गाव कुठल्या साली बुडालं?”

आम्ही म्हणालो, “कादंबरीत गाव बुडत नाही.”

“कादंबरीत नाही, सर. खरं.”

कादंबरी १९५५ ची. धरण १९७२ चे. हे दोन आकडे आम्हांला वेगवेगळे पाठ होते. ते शेजारी ठेवण्याचे सुचले नव्हते. ज्या काठाचे वर्णन आम्ही ‘निसर्गचित्रण’ या सदराखाली लिहवून घेत होतो, तो काठ वर्गात बसलेल्या मुलीच्या आजोबांच्या नावे सात-बारावर होता आणि आता पाण्याखाली होता. ज्या नळाचे पाणी आम्ही तासाआधी प्यालो ते त्याच धरणातले, कारण पिंपरी-चिंचवडला तेव्हा पवनेचेच पाणी येई. त्या क्षणी दहीवाल्या आजी आठवल्या. पंचवीस वर्षांनी, आणि तेही एका मुलीने विचारल्यावर.

ही त्या आजींचीच नात, असे लिहिण्याचा मोह होतो. ती नव्हती, आम्ही विचारले. त्या बाजूच्या कितीतरी बाया दही घेऊन लोणावळ्याला जात.

नंतर जी माहिती जमवली ती थोडक्यात अशी. मुळशीच्या वाट्याला निदान सत्याग्रह आला होता. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथले शेतकरी टाटांच्या धरणासमोर उभे राहिले, हरले, पण इतिहासात नोंदले गेले. पवनेला तसे काही झाले नाही. जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये झाला, धरण पुरे झाल्यावर चार वर्षांनी. बाधित खातेदार १२०३. त्यांपैकी ३४० जणांना जमीन मिळाली आणि उरलेल्या ८६३ जणांचा प्रश्न पुढे पन्नास वर्षे रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळाने थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरपाशी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. शहरातल्या पुष्कळांना त्या दिवशी प्रथम कळले की, आपल्या नळाला कोठले पाणी येते.

या साऱ्याचा दोष गोनीदांना देण्यात अर्थ नाही. त्यांनी १९५५ मध्ये १९७२ कसे पाहावे? उलट त्यांच्या कादंबरीत ते खोरे कोरडे, चालता येईल असे शिल्लक आहे. वाटा, ओढे, पायऱ्यांची शेते, कोठून कोठे जायला किती वेळ लागतो, हे सारे तेथे आहे. दोष वाचण्याच्या पद्धतीत आहे. ‘प्रादेशिक’ म्हटले की प्रदेश हा स्थिर पडदा होतो आणि त्यापुढे माणसे हलतात. पडदाच खाली उतरला तर काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेला पडत नाही. विस्थापनाविषयी आपण बोलतो ते त्या विषयावर लिहिलेल्या पुस्तकांच्या संदर्भात. जी पुस्तके विस्थापनापूर्वीची आहेत ती आपण अजूनही जत्रेच्या आनंदाने वाचतो. आमच्या मते ‘पवनाकाठचा धोंडी’ आज एखाद्या जमीन-नोंदीसारखी वाचली पाहिजे. असे वाचल्याने तिचे साहित्यमूल्य कमी होते, असे काही सहकाऱ्यांना वाटले. त्यांच्याशी वाद अजून मिटलेला नाही.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्या मुलीच्या घरच्यांबरोबर आम्ही पवनेवर गेलो. पाणी उतरले की वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उघडे पडते. दहा महिने पाण्यात राहून त्याचे दगड काळे-हिरवे झालेले. भोवती भेगाळलेला गाळ. आजोबा काठी टेकीत पुढे चालले होते. आम्ही काहीतरी हृदयस्पर्शी घडेल म्हणून तयारीने गेलो होतो. तसे काही घडले नाही. त्यांचा गुडघा दुखत होता आणि त्यांना सावली हवी होती. देवाला हात जोडून झाल्यावर ते एका जागी उभे राहिले, डोंगराकडे पाहून त्यांनी अंदाज घेतला आणि नातीला म्हणाले, “खळं हितं नव्हं. आजून खाली. पान्यात.”

वर्षअखेरीस तिने कादंबरीवरचा निबंध दिला. निबंध साधारण होता. त्याला जोडून वहीचे एक पान होते: आजोबांनी सांगितलेली शेतांची नावे. २७ नावे. वडाचे खाचर, थोरला दांड, म्हातारीचा तुकडा, खालची आवणी, असे एकाखाली एक, प्रत्येकापुढे शेजारी कोण ते. या पानाला कोणत्या सदराखाली गुण द्यावेत, याची सोय आमच्या गुणतक्त्यात नव्हती. आम्ही ते काढून घेतले, तिला त्याची प्रत करून दिली, आणि मूळ पान आमच्या जवळच्या कादंबरीच्या प्रतीत ठेवले. ते अजून तेथे आहे. एकोणिसाव्या नावापुढे तिने कंसात बारीक अक्षरांत लिहिले आहे: आजोबांना नक्की आठवत नाही, धाकट्या आजोबांना विचारायचे आहे.